शर्वरीचा उत्तररंग

या, असे दारापाशी उभे राहू नका. चपला तिथेच राहू द्या, कुणी नेत नाही, आणि या अगदी पुढे, सतरंजीवर. मागे बसलेल्याला नुसतं ऐकू येतं, पुढे बसलेल्याला लागतं. गोष्ट आहे एका मास्तरीणबाईंची, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या वर्गातल्या एका पोरीची. देवाची गोष्ट नाही म्हणून उठू मात्र नका. ज्यानं त्या पोरीला बुद्धी दिली आणि ज्याच्या नावानं आपण टाळ्या वाजवतो, तो एकच आहे. तर ऐका.

बडोद्याला दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला स्नेहलताबाई राहतात. वय तेव्हा सत्तावन्न. शहराबाहेर नंदेसरीला कारखान्यांच्या भिंती जिथे संपतात तिथे कामगारांची एक वस्ती आहे. तिथल्या सरकारी शाळेत त्या अठरा वर्षं शिकवत होत्या. सकाळी सहाची बस, पुढे छकड्यात, म्हणजे तिकडच्या तीनचाकी रिक्षात, सात माणसांत आठवं होऊन बसायचं, वाऱ्याबरोबर येणाऱ्या त्या आंबूस वासाला नाकाशी पदर. आणि दर एकादशीला संध्याकाळी मंदिरात कीर्तन. वडिलांकडून आलेलं. वडील उभे राहत तिथेच त्या उभ्या राहत, आणि पेटीवर त्यांचे यजमान अरविंदराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. बाई सूर चढवायला लागल्या की अरविंदराव चष्म्यावरून बघत. म्हणजे काय ते बाईंना बरोबर कळे.

शाळेला खोल्या दोन, शिक्षक दीड. दीड अशासाठी की दुसरे गुरुजी अर्धा आठवडा दुसऱ्या गावच्या शाळेला वाटून दिलेले. पुस्तक गुजराती, बाई मराठी, पोरं खानदेशची, बिहारची, ओडिशाची. तरी पोरं शिकत. पाचवीपर्यंत. पुढे सहावी हवी तर हायवेपलीकडे साडेचार किलोमीटर.

शर्वरी तिथलीच. बाप चोपड्याकडचा, एका कारखान्यात कंत्राटी बॉयलरवाला. आई दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. पोरगी पाचवी पास झाली एप्रिलात, वर्गात पहिली. आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी पुन्हा पाचवीच्या खोलीत येऊन शेवटच्या बाकावर बसली.

बाई म्हणाल्या, "अगं, तू झालीस ना पास?"

"झाली."

"मग?"

"मग तठे कोण नेणार मला? टँकर थांबतात का माझ्यासाठी?" आणि दप्तरातून पाचवीचंच पुस्तक काढलं. "मी बोलत नाही मॅडम. नुसती बसते."

बाईंनी बापाला बोलावलं. तो हेल्मेट काखेत धरून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मॅडम, मी ड्यूटीवर, तिची माय ड्यूटीवर. हायवे कोण ओलांडून देणार? गेल्या साली त्या वळणावर दोन जण गेले. तुमच्या इथं सहावी झाली तर उद्या धाडतो, तुमच्या शब्दावर धाडतो. अजून एक जून बघतो. नाही तर गावी, तिच्या आजीकडे."

गावी म्हणजे काय हे त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. गावी म्हणजे चूल. आणि मुलीच्या हातात चूल आली की पाहुणे सोयरीक घेऊन येतात, त्यांना वर्ष-दोन वर्षंच काय ती लागतात.

तर शर्वरी पटावर नव्हती, पण बाकावर होती. पाचवीचं प्रत्येक पान तिला तोंडपाठ. बाई फळ्याकडे वळल्या की मागून ती पोरांना हळूच उत्तरं सांगे. बाईंनी सहावीचं गणिताचं पुस्तक आणून दिलं, तेही तिनं दसऱ्यापर्यंत उडवलं. पण एकटीनं शिकणं म्हणजे एकटीनं जेवणं. पोट भरतं, पण चव नाही. दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या ओट्यावर टाचा उंचावून हायवेच्या दिशेनं बघत उभी राही. तिथून पलीकडची शाळा काही दिसत नसे. दिसत ती टँकरांची पाठमोरी रांग.

सहावीसाठी बाईंनी वरच्या कचेरीत अर्ज दिले होते. एकदा नाही, पाच वेळा. उत्तर यायचं, "मागणी विचाराधीन आहे." बाई म्हणायच्या, "विचार तरी कसला ध्यान लावून करतात बाई हे लोक! समाधीच लागलेली आहे."

आणि दिवाळीनंतर एक दिवस फोन आला. फतेगंजच्या एका मोठ्या हॉटेलात देशोदेशीच्या सरकारी माणसांची दोन दिवसांची बैठक भरणार होती. जगाचा विकास करायचा तर पुढच्या पंधरा वर्षांत कशाला आधी हात घालायचा, त्याचा क्रम लावायचा होता. पाणी, वीज, रस्ते, बंदरं अशी यादी होती आणि शिक्षण होतं नवव्या नंबरावर. त्यात जागेवरच्या माणसाचं बोलणं म्हणून दहा मिनिटं ठेवलेली. फोन करणारा पीयूष नावाचा तरुण अधिकारी, बैठकीची व्यवस्था बघणारा, बडोद्याचाच मराठी. "बाई, तुम्ही कागद न बघता बोलता असं ऐकलंय. हिंदीत बोला, कानातल्या यंत्रात त्यांना इंग्रजी होऊन जातं. दहा मिनिटं हं, अकरावं नाही."

अरविंदराव म्हणाले, "दहा मिनिटांत तर तुझं नमन होतं."

"तुम्ही पेटी आणू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शर्वरीला जवळ घेऊन सांगितलं, "शुक्रवारी मी मोठ्या मोठ्या साहेबांसमोर बोलणार आहे. तिथे तुझं नाव घेणार आहे. सगळी गोष्ट सांगणार आहे तुझी."

पोरगी म्हणाली, "आडनाव पण सांगा. वस्तीत दोन शर्वरी आहेत. दुसरीच्या दारात शाळा यायची."

शुक्रवार उजाडला. बाईंनी आईचं नऊवारी नाही पण जरीकाठी सहावारी नेसलं, कपाळाला नेहमीचं कुंकू. सभागृहात थंडी इतकी की आवाज बसेल की काय! समोर शंभरेक माणसं, काळी, गोरी, गव्हाळ, प्रत्येकाच्या कानात यंत्र. मधोमध अध्यक्ष राजवर्धन साहेब, दिल्लीतले मोठे अधिकारी, पण घराणं बडोद्याचं, चार पिढ्या संस्थानच्या चाकरीत गेलेल्या.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्या कीर्तनात आधी पूर्वरंग. त्यात तत्त्व सांगायचं. मग कीर्तनकार थांबतो, डोळे मिटतो, एक पाऊल मागे होतो. कुणी तरी पुढे येऊन त्याला बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं, लोक नामाचा गजर करतात. आणि मग उत्तररंग. त्यात गोष्ट. तत्त्व कानाला आणि गोष्ट काळजाला. बाईंच्या अंगात चाळीस वर्षांची ही रीत मुरलेली.

बाईंनी पूर्वरंग लावला तो असा. म्हणाल्या, "आमच्याकडे पंगत बसते. वाढपी पहिल्या पानावर दोनदा जिलबी वाढतो, आणि शेवटच्या पानापर्यंत पोचायच्या आत यजमान म्हणाला, झालं, उठा, तर ती पंगत झाली म्हणायची का? पाप लागतं त्या यजमानाला. आणि शेवटच्या पानावर वाढायचं तेही ताजं, पहिल्या पानावर वाढलेलं तेच. खरवड नाही. शिक्षण म्हणजे पंगत आहे, साहेब. तुम्ही यजमान आहात. तुमच्या यादीत ते नवव्या जागी आहे. पण रस्ते बांधणारा, पाणी आणणारा, औषध करणारा, हे सगळे त्याच पंगतीतून जेवून उठायचे आहेत. शेवटच्या पानावर कोण बसलंय ते आधी बघा."

सहा मिनिटं झाली होती. बाईंना तोच जुना अनुभव आला, ऐकणाऱ्यांचा श्वास एक झाल्याचा. त्या थांबल्या. डोळे मिटले. एक पाऊल मागे झाल्या.

आणि टाळ्या पडल्या.

साध्या नाहीत, उभं राहून. बाईंनी डोळे उघडले तेव्हा राजवर्धन साहेब हात जोडून म्हणत होते, "धन्यवाद, फार सुंदर," आणि पुढचा वक्ता, बंदरांवर बोलणारा, पायऱ्या चढत होता. बाईंनी तोंड उघडलं. पण ध्वनिवर्धक दुसऱ्याच्या हातात गेलेला. कुणी तरी त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. हार मिळाला तो असा, आणि त्यानंतरचा उत्तररंग पोटातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी गुच्छ बादलीत ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. अरविंदरावांनी सगळं ऐकलं. आधी हसू आलं त्यांना. "अगं, बुक्का लावायला कोण यायचं होतं तिथे? कलेक्टर?" पण बाईंचा चेहरा बघून त्यांचं हसू विरलं. 

"पोरीचं नावच घेतलं नाही मी," बाई म्हणाल्या. "जिलबीवर बोलले, जिलबीवर!"

"टाळ्या पडल्या म्हणतेस ना?"

"तत्त्वाला पडल्या. तत्त्वाला टाळ्या कुठेही पडतात हो. त्यात कुणाचं काही जात नाही."

शनिवारी सकाळची शाळा. शर्वरी छकड्याच्या थांब्यावर येऊन उभी होती. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या, जणू त्या साहेबांनी तिलाच बघायला यायचं होतं.

"घेतलं माझं नाव?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. तुम्ही-मी बोललो असतो कदाचित. बाई म्हणाल्या, "नाही गं. राहिलं."

"विसरल्या?"

"विसरले नाही. थांबले. मला वाटलं, लोक थांबतील माझ्यासाठी."

पोरीनं मान हलवली. रागावली नाही. म्हणाली, "कोणी नाही थांबत मॅडम. मी सांगितलं होतं ना, टँकरचं?" आणि बाईंची पिशवी घेऊन पुढे चालायला लागली.

त्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघताना बाईंच्या मनात जे झालं ते मला सांगता यायचं नाही. ज्याला कधी अर्धा घास हातात असताना उठवलं असेल त्याला कळेल. शाळा सुटली तशा त्या घरी न जाता थेट फतेगंजला गेल्या, खडूच्या हातांनी.

हॉटेलच्या दारात बस उभी होती. जेवणं उरकून पाहुणे राजवाडा बघायला निघालेले. पीयूष यादी घेऊन माणसं मोजत होता. बाईंना बघून चपापला.

"बाई, तुम्ही? तुमचं तर काल झालं ने."

"अर्धं झालं."

पीयूषनं खाली बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "माहीत आहे मला. आजी मला मांडीवर घेऊन कीर्तनाला न्यायची. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हाच कळलं, बुक्क्यासाठी थांबलात. मी उठणार होतो, पण टाळ्या पडल्या."

"टाळ्या पडल्यावर उठला का नाहीस रे?"

"समोर साहेब बसलेले."

"हं," बाई म्हणाल्या. "खरं बोललास, हे बरं केलंस. आता चार मिनिटं दे मला. माझी चार मिनिटं तुमच्याकडे राहिली आहेत."

पीयूषनं एकदा यादीकडे बघितलं, एकदा बसकडे. मग म्हणाला, "वाटेत पाहुण्यांना शहराची माहिती सांगायची आहे. मीच सांगणार होतो. शहर कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवा. मी इंग्रजी करतो. चढा लवकर."

बस निघाली. बाई पुढच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या, पाठ रस्त्याकडे, तोंड लोकांकडे. पहिल्याच बाकावर राजवर्धन साहेब. बाईंना बघून त्यांनी भुवया उचलल्या.

"या शहराची माहिती अशी," बाई म्हणाल्या. "शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या संस्थानानं कायदा केला, मुलगा असो की मुलगी, शाळेत आलंच पाहिजे. न पाठवणाऱ्या बापाला दंड. आज मी तुम्हाला अशा एका बापाची गोष्ट सांगते, की त्याला दंड करता येत नाही. कारण तो पाठवायला तयार आहे. त्याच्या मुलीचं नाव शर्वरी पाटील. आडनाव लक्षात ठेवा, वस्तीत दोन शर्वरी आहेत."

आणि लागला उत्तररंग. पेटी नाही, झांज नाही, खाली इंजिनाची घरघर तेवढी. बाईंनी पाचवीत पुन्हा येऊन बसलेली पोरगी सांगितली, काखेत हेल्मेट धरलेला बाप सांगितला, ओट्यावर उचललेल्या टाचा सांगितल्या. मध्येच त्यांना राहवलं नाही. आपणच बांधलेली एक साकी त्यांनी गळा मोकळा करून म्हटली:

पाचवीची पानं मऊ झाली, बोटानं वाचून वाचून,
सहावी आहे रस्त्यापल्याड, बघते टाच उचलून.

पीयूष इंग्रजी करता करता तिथे अडखळला. मग नुसता म्हणाला, "ती वाट बघते आहे." तेवढं पुरलं.

चौकाचौकांत बस अडकत होती आणि देवाची कृपा अशी की बडोद्याच्या ट्रॅफिकनं त्या दिवशी घाई केली नाही. राजवाड्याचं फाटक आलं. ड्रायव्हरनं दार उघडलं. कुणी उठलं नाही. डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली एक बाई, दूर आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाची अधिकारी, काही तरी बोलली. पीयूषनं सांगितलं, "त्या म्हणतात, आमच्याकडे या मुलीचं नाव वेगळं आहे. पण टाचा याच."

राजवर्धन साहेब शेवटी उतरले. बाईंपाशी थांबले आणि मराठीत बोलले. "काल मी तुम्हाला अर्ध्यात उठवलं. आमच्या घरी गोकुळाष्टमीला सात दिवस कीर्तन असायचं. आणि मला बुक्का आठवला नाही." मग म्हणाले, "बाई, बैठकीच्या ठरावात मुलीचं नाव घालता येत नाही."

"मग काय घालता येतं?"

"शिक्षण नवव्यावरून दुसऱ्यावर आणण्याचा आग्रह मी धरतो. काही जण विरोध करतील. तरी धरतो."

"पहिल्यावर का नाही?"

"पहिल्यावर पाणी आहे."

बाईंनी विचार केला. "असू दे. तहानलेलं पोर शिकत नाही. पण शाळा किती लांब, ते लिहा. नुसतं शाळा, शाळा लिहू नका. मुलीला पायी, एकटीनं, न घाबरता जाता येईल इतक्या अंतरावर, असं लिहा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "आणि इथल्या जिल्ह्याला मी फोन करतो. पण फोन म्हणजे हुकूम नव्हे, हे सांगून ठेवतो."

सोमवारी शर्वरी पुन्हा थांब्यावर होती. बाई छकड्यातून उतरता उतरताच म्हणाल्या, "घेतलं! आडनावासकट घेतलं."

पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "मग? काय म्हणाले?"

"काही जण रडले."

"रडले?" तिला ते चमत्कारिक वाटलं. "मी तर नाही रडली. आणि सहावी?"

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला दुसरं काही देता येत नव्हतं.

ठराव देशोदेशी गेला. पंगतीचं वाक्य त्यात आलं. शिक्षण दुसऱ्या जागी आलं. आणि "मुलीला पायी, एकटीनं, न घाबरता" हे शब्द जसेच्या तसे आले. पीयूषनं तो कागद आणून दाखवला तेव्हा अरविंदरावांनी तो देवापुढे ठेवला. जानेवारीत वरच्या कचेरीतून दोन माणसं येऊन खोल्या मोजून गेली. मार्चमध्ये पुन्हा आली, ओट्याची लांबी मोजून गेली. बाप बाईंना विचारी, "काही कळलं?" बाई म्हणत, "समाधी उतरते आहे हो, थोडं थांबा." शर्वरीनं सहावीचं विज्ञानही संपवलं.

मे महिन्याच्या सुट्टीत त्या कारखान्यातलं बॉयलरचं कंत्राट संपलं. बाईंना कळलं ते जूनमध्ये शाळा उघडल्यावर. खोलीला कुलूप, शेजारीण म्हणाली, "टेम्पो करून गेले. कोणी म्हणतं दहेज बंदराकडे, कोणी म्हणतं अंकलेश्वरला, कोणी म्हणतं गावीच." फोन लावला तर बंद. शाळेचा दाखला न्यायला कुणी आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सहावीची मंजुरी आली. एक जादा शिक्षिकाही आली, नीलिमा नावाची, हुशार, पोरांत रमणारी. अकरा मुलं बसली सहावीत, त्यातल्या सात मुली. हायवे कुणाला ओलांडावा लागला नाही. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पेढे दिले आणि हसल्या, खरंच हसल्या. सात मुली म्हणजे काही थोड्या नाहीत. पण दुपारच्या सुट्टीत त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. टँकर जात होते. जिच्यामुळे सहावी आली, ती कुठल्या वस्तीत, कुठल्या ओट्यावर उभी असेल, कोण जाणे.

दिवाळीला बाई निवृत्त झाल्या. शर्वरीचा दाखला त्यांनी आपल्या अक्षरात लिहून, सही-शिक्का करून नीलिमाबाईंच्या हातात दिला आहे. "कुणीही येवो," म्हणाल्या, "बाप, आई, ती स्वतः. विचारत बसू नका, देऊन टाका." आता महिन्यातून एकदा बाई आणि अरविंदराव दहेजच्या नाही तर अंकलेश्वरच्या बसमध्ये चढतात, कारखान्यांमागच्या वस्त्यांत फिरतात, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहतात. मुली बाहेर येतात घोळक्यानं, वेण्या उडवत. बाई एकेकीचा चेहरा बघतात. अरविंदराव म्हणतात, "चल आता, बस जाईल." बाई म्हणतात, "थांबा हो जरा. अजून मागून येताहेत."

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यात कुणी कचेरीत असेल, कुणाच्या सहीनं शाळा उघडत असेल, कुणी नुसतंच रस्त्यानं जाणारं असेल. एखादी बारा-तेरा वर्षांची पोरगी शाळेच्या वेळी दारात उभी दिसली तर तिला नाव विचारा. शर्वरी म्हणाली तर आडनाव विचारा. पाटील म्हणाली तर सांगा तिला, तुझा दाखला तयार आहे आणि बाई वाट बघताहेत. आणि दुसरं कुठलं नाव सांगितलं, तरी निघून जाऊ नका. तिची सहावी कुठे आहे ते विचारा. देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत हे एक नाव घाला. शर्वरी पाटील. आठवण ठेवा तिची.